जपानमधली छोटी करीची दुकानं: कुठे जावं, काय मागवावं, कसं खावं

निळी छत्री

तोक्योला फिरायला येणारी आपली मंडळी सुशी-रामेनची यादी करूनच येतात. करीचं नाव काढलं की म्हणतात, "करी खायला जपानला कशाला जायचं?" खरं तर इथला शाळकरी मुलगा, ऑफिसातला साहेब आणि बांधकामावरचा मजूर, तिघंही आवडीने खातात असा पदार्थ म्हणजे करी राईस. ती चाखायची तर आठ-दहा खुर्च्यांच्या, एकट्या मालकाने चालवलेल्या दुकानात चाखावी, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

माझं ऑफिस जिम्बोचोपासून चालत जाण्यासारखं आहे. जिम्बोचो म्हणजे तोक्योतली जुन्या पुस्तकांची पेठ. यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण बाजूला ओळीने पुस्तकांची दुकानं, सगळ्यांची तोंडं उत्तरेला, म्हणजे उन्हाने कागद पिवळा पडत नाही. आजूबाजूला मेइजी, निहोन, सेन्शू अशी विद्यापीठं. या भागात करीची दुकानं इतकी का, याचं लोक सांगतात ते कारण असं की एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हाताने चमचा चालवता येतो. मला ते पटतं. दुपारी काउंटरवर पाहावं तर निम्मी माणसं नुकतंच घेतलेलं पुस्तक उघडून बसलेली असतात.

इथलं सगळ्यात जुन्यांपैकी एक दुकान म्हणजे क्योएइदो, १९२४ पासूनचं. तळघरात आहे. त्यांच्या करीला ते सुमात्रा करी म्हणतात. तिच्यात मैदा नसतो, २६ मसाले असतात. रंग जवळजवळ काळा आणि चवीला किंचित कडवट. सोबत मक्याचं सूप येतं, आणि हिवाळ्यात भाजलेलं सफरचंद मिळतं, ते सोडू नका. बॉन्डी हे दुसरं नाव. जुन्या पुस्तकांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूने वर जावं लागतं. करी यायच्या आधी दोन उकडलेले बटाटे आणि लोण्याची वडी समोर येते. भातावर चीज भुरभुरलेलं असतं आणि रस्सा घट्ट, लोण्याच्या चवीचा, फ्रेंच वळणाचा. तिखट खाणाऱ्यांनी इथिओपियात जावं. नाव आफ्रिकेतलं असलं तरी पदार्थ करीच. तिखटपणाचे आकडे शून्यापासून ७० पर्यंत आहेत. कडधान्याची आणि भाज्यांचीही करी मिळते.

पण मला जास्त माया आहे ती बिननावाच्या दुकानांची. दारात तिकिटाचं यंत्र असतं. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, निघालेली चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. पाणी फुकट आणि आपलं आपण ओतून घ्यायचं. समोर मोठं पातेलं मंद आचेवर सकाळपासून उकळत असतं. मालक ताटलीत एका बाजूला भात थापतो, दुसऱ्या बाजूला रस्सा ओततो आणि तीन-चार मिनिटांत ताटली समोर. ८०० ते १२०० येनमध्ये पोट भरतं. बक्षिशी द्यायची पद्धत नाही.

काउंटरवर दोन बरण्या असतात. एकीत लालसर फुकुजिनझुके, म्हणजे मुळा, वांगं, कमळकाकडी, अबईच्या शेंगा असं काय काय सोया सॉस आणि साखरेत मुरवलेलं. दुसरीत राक्क्यो, गोडसर व्हिनेगरमधले छोटे पांढरे कांदे. हवं तेवढं घ्या, फक्त ताटलीत टाकून उठू नका.

खायची पद्धत साधी आहे. सगळा भात एकदम कालवू नये. भात आणि रस्सा जिथे भेटतात तिथून चमचा घालत जायचं. खाऊन झालं की ताटली काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायची, पुसायचा कपडा असेल तर आपल्यापुढची जागा पुसायची, "गोचिसोसामा", म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायचं आणि निघायचं. मागे माणसं उभी असतात. गप्पा मारायची ही जागा नव्हे.

तुम्ही कुठे खाल्लीत? ओसाका, सप्पोरो, कानाझावाकडच्यांनी जरूर लिहा.

मिरचीचा ठेचा

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. मी नागोयाला कामानिमित्त होतो तेव्हा सहकाऱ्यांबरोबर बऱ्याचदा करी खाल्ली. मला ती गोड आणि पिठूळ वाटली. मसाल्याचा वास येतो, पण जिभेला काही लागत नाही. भूक भागते, इतकंच. कोल्हापूरच्या माणसाने यात काय शोधावं?

निळी छत्री

@मिरचीचा ठेचा, तुम्हाला लागलेली चव खरी आहे, मी नाकारत नाही. फरक दाटपणा आणण्याच्या पद्धतीत आहे. आपण कांदा-खोबरं भाजून वाटण लावतो, त्यामुळे मसाला आणि दाटपणा एकत्रच येतात. इथे मैदा लोण्यात किंवा चरबीत बराच वेळ परततात, त्यात करी पावडर घालतात आणि त्या गोळ्याने रस्सा घट्ट करतात. त्याला रू म्हणतात. गोडी बहुतेक कांद्याची असते. चांगल्या दुकानात कांदा तपकिरी होईपर्यंत तास-दीड तास परततात. शिवाय सफरचंद, मध, कधी आंब्याची चटणी.

हा रस्सा एकटा पिऊन पाहिला तर जड वाटतो. इथला भात आखूड दाण्याचा, चिकट आणि जवळजवळ अळणी. त्याच्याबरोबर तो बरोबर बसतो. भाताशिवाय या करीची पारख करू नये असं मला वाटतं. आणि पुढच्या वेळी काराकुची मागा, म्हणजे तिखट. अमाकुची म्हणजे मुलांसाठीची गोड.

रानजाई

मला अगदी व्यवहाराचा प्रश्न आहे. मी शाकाहारी, नवरा अंडं खातो, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. एप्रिलमध्ये दहा दिवसांसाठी येतोय. यादीत 'व्हेजिटेबल करी' दिसली तर डोळे झाकून मागवू का?

सांजवारा

रानजाईताई, नका मागवू. मी ओसाकाला राहते आणि शाकाहारी आहे, म्हणून सविस्तर सांगते.

व्हेजिटेबल करी म्हणजे बहुतेक ठिकाणी नेहमीच्याच रश्श्यावर ठेवलेल्या तळलेल्या किंवा उकडलेल्या भाज्या. त्या रश्श्यात कोंबडीच्या किंवा गाईच्या हाडांचं पाणी असतं, आणि रूमध्ये गाईची किंवा डुकराची चरबी असू शकते. बाजारात मिळणाऱ्या रूच्या वड्यांमध्येही हेच. तोक्योकडे करी म्हटलं की डुकराचं मांस समजतात, आमच्या ओसाका-क्योतोकडे गाईचं. इथे नुसतं 'निकु' म्हटलं तरी गाईचंच मांस धरतात. जे गोमांस टाळतात पण बाकी मांसाहार करतात, त्यांनीही चिकन करी मागवताना रश्श्याची चौकशी करावी. वर ठेवलेले तुकडे कोंबडीचे असले तरी खालचं पातेलं एकच असतं.

हे वाक्य पाठ करा किंवा मोबाईलवर जपानी लिपीत लिहून ठेवा: "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन." म्हणजे मांस आणि मासे खाऊ शकत नाही. आणि पुढे: "रू नि निकु नो एकिसु वा हाइत्ते इमासु का?" म्हणजे रूमध्ये मांसाचा अर्क आहे का. मालक अगदी प्रामाणिकपणे उत्तर देतात. बहुतेकदा "सुमिमासेन (माफ करा), आहे" असंच ऐकायला मिळेल. त्यांचा राग धरू नका. सकाळपासून उकळणारं पातेलं तुमच्यासाठी वेगळं करणं त्यांना शक्य नसतं.

कोको इचिबान्या या मोठ्या साखळीच्या बऱ्याच शाखांत मांस न वापरता केलेला वेगळा रस्सा असतो. तो आहे का ते आधी विचारायचं. भात किती ग्रॅम, तिखट किती, वर काय हवं, सगळं निवडता येतं. पालक, वांगं, चीज असं घालून छान जेवण होतं. सासूबाईंसाठी मात्र कुठलीच जपानी करी नाही, कांदा हा तिचा पायाच आहे. त्यांच्या जेवणाची सोय वेगळी बघा.

रानजाई

सांजवारा, मनापासून आभार. हे कुठल्याच प्रवासवर्णनात वाचलं नव्हतं.

जुनी वही

धागा बघून राहवलं नाही. करी जपानला पोहोचली कशी, यावर थोडं लिहितो. आपल्याला याच्याशी काय घेणं असं वाटत असेल त्यांनी जरूर वाचावं.

करी जपानात आली ती इंग्रजांकडून, मेइजी काळात (१८६८-१९१२). १८७२ साली छापलेल्या पाश्चात्त्य स्वयंपाकाच्या पुस्तकांत तिची कृती सापडते, आणि त्यातल्या एका कृतीत चक्क बेडूक आहे. इंग्रजी आरमाराच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या जपानी आरमारानेही ती उचलली. १९०८ च्या आरमारी पाकपुस्तकातली कृती म्हणजे मैदा चरबीत परतून करी पावडर घालायची, मांस, गाजर, कांदा, बटाटा घालून शिजवायचं. आजच्या घरगुती करीचा साचा हाच. आजही त्यांच्या सागरी दलात शुक्रवारी करी असते आणि प्रत्येक जहाजाची कृती वेगळी. योकोसुका या आरमारी गावाने १९९९ पासून या करीला आपली ओळख बनवलं. तिथल्या दुकानात ती सॅलड आणि दुधाच्या पेल्यासोबतच देतात.

घराघरांत ती पोहोचवली कारखान्यांनी. व्हरमाँट करी ही सफरचंद आणि मधाची रू १९६३ ची. १९६८ साली बॉन करी आली, पिशवीतली तयार करी, नुसती गरम पाण्यात बुडवून खायची. त्या प्रकारचं बाजारात विकलं गेलेलं ते जगातलं पहिलं अन्न.

पण मला सांगायचंय ते रासबिहारी बोस यांच्याबद्दल. १९१२ साली दिल्लीत व्हाईसरॉय हार्डिंगवर बाँब टाकला गेला, त्या कटातला हा क्रांतिकारक १९१५ मध्ये टागोरांचा नातलग असल्याचं भासवून जपानला पोहोचला. इंग्रजांच्या दबावाखाली जपान सरकारने देश सोडायचा हुकूम काढला, तेव्हा शिंजुकुमधल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना आपल्या आवारात लपवलं. पकडले गेले असते तर सोमांचं काय झालं असतं याचा विचार करा. १९१८ मध्ये त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचं लग्न झालं. लपतछपत काढलेल्या संसारानंतर १९२५ मध्ये ती गेली. दोन वर्षांनी, १९२७ च्या जूनमध्ये, नाकामुरायाने उपाहारगृह उघडलं आणि बोस यांच्या आग्रहाने तिथे मैद्याशिवाय केलेली, हाडासकट कोंबडीची भारतीय करी ठेवली. बाहेर करीची ताटली १०-१२ सेनला (शंभर सेन म्हणजे एक येन) मिळायची, हिची किंमत ८० सेन होती. तरी लोक येत राहिले. बोस जानेवारी १९४५ मध्ये वारले, स्वातंत्र्य बघायला राहिले नाहीत. ती करी शिंजुकुमध्ये आजही मिळते.

त्यांचेच सहकारी ए. एम. नायर, केरळचे, क्योतोला शिकायला आलेले. त्यांनी १९४९ मध्ये गिन्झात नायर रेस्टॉरंट काढलं, काबुकी थिएटरपासून जवळ. छोटंसं दुकान. तिथला मुरुगी लंच म्हणजे कोंबडीची तंगडी, कोबी, बटाटा आणि पिवळा भात. वाढणारा माणूस समोरच हाड वेगळं करून देतो आणि सगळं नीट कालवून खा म्हणून सांगतो. वर निळी छत्री यांनी लिहिलेल्या रिवाजाच्या अगदी उलट! तोक्योला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने या दोन्ही ठिकाणी एकदा तरी बसावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मिरचीचा ठेचा

जुनी वही, बोस यांचं जपानमधलं वास्तव्य माहीत होतं, पण करीचा धागा माहीत नव्हता. पुढच्या खेपेला नाकामुराया नक्की.

कोकणकडा

कानाझावात पाच वर्षं होतो, तिकडचं लिहितो. कानाझावा करी स्टीलच्या ताटलीत येते. रस्सा इतका घट्ट आणि गडद की भात दिसतच नाही. वर कुरकुरीत कात्सु, म्हणजे डुकराच्या मांसाचा तळलेला काप, त्यावर सॉसची रेघ, बाजूला बारीक चिरलेला कच्चा कोबी. चमच्याऐवजी काटा देतात. कोबी पहिल्यांदा मला उगाच वाटायचा, पण एवढ्या जड जेवणात तोच तारतो.

सप्पोरोची सूप करी या सगळ्यापेक्षा वेगळी आणि, माझ्या मते, मराठी जिभेला सगळ्यात जवळची. रस्सा पातळ, तर्रीसारखा, मसाला ठळक, मैदा नाही. अख्खी तंगडी, मोठे तळलेले बटाटे, भोपळा, भेंडीसुद्धा. भात वेगळ्या ताटलीत, चमचाभर घेऊन सुपात बुडवून खायचा. @मिरचीचा ठेचा, तुम्ही इथून सुरुवात करा. बाहेर बर्फ पडत असताना हिच्यासारखं दुसरं काही नाही.

सांजवारा

ओसाकाचं राहिलं होतं. नाम्बामध्ये जियुकेन म्हणून १९१० पासूनचं दुकान आहे. तिथे करी भातात आधीच कालवून येते आणि मधोमध कच्चं अंडं फोडलेलं असतं. त्या काळी भात गरम ठेवायची सोय नव्हती, म्हणून गरम रश्श्यात कालवून द्यायला लागले. मी खात नाही, पण पाहुण्यांना आवर्जून नेते. टेबलं जवळजवळ आहेत, अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं आणि वाढणाऱ्या बायका मोठ्या प्रेमाने चौकशी करतात.

पाटीपेन्सिल

मी तोक्योतल्या निशिकासाईत राहते. इथे आपली बरीच कुटुंबं आहेत. मला दुकानापेक्षा शाळेतल्या करीबद्दल लिहायचंय. प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण सगळी मुलं वर्गातच एकत्र जेवतात, आणि करीच्या दिवशी वर्गात सण असतो. माझी मुलगी पहिलीत असताना डबा घेऊन जायची. त्या दिवशी तिच्या डब्यात पोळी-भाजी आणि बाकी सगळ्यांसमोर करी. संध्याकाळी गप्प गप्प होती.

शाळा महिन्याचा जेवणाचा तक्ता आधीच घरी पाठवते, त्यात कशात काय घातलंय ते सगळं असतं. तो बघून मी करीच्या दिवशी घरून शाकाहारी जपानी करी आणि चिकट भात द्यायला लागले. बाईंना आधी भेटून सांगितलं, त्यांनी लगेच होकार दिला. दिसायला सारखीच ताटली. ज्यांची मुलं नव्याने शाळेत जाणार आहेत त्यांनी हे जरूर करावं. मुलांना वेगळं काही नको असतं, बरोबरीने बसून जेवायचं असतं.

इंद्रायणीकाठ

@पाटीपेन्सिल, ती घरची कृती द्या ना! मी पुण्यात जपानी शिकतेय, वर्गात सगळ्यांना करून घालायची आहे.

पाटीपेन्सिल

देते. चौघांसाठी: दोन मोठे कांदे उभे चिरून तेलात मंद आचेवर चांगले तपकिरी होईपर्यंत परता. अर्धा तास तरी लागतो, घाई केली तर गोडी येत नाही. त्यात गाजर आणि बटाट्याचे मोठे तुकडे, मशरूम, आणि चार-पाच वाट्या पाणी. रात्री पाण्यात भिजवलेले सुके शिताके मशरूम मिळाले तर त्यांचंच पाणी वापरा, हाडांच्या पाण्याची उणीव त्याने भरून निघते. भाज्या शिजेपर्यंत दुसरीकडे तीन चमचे लोण्यात चार चमचे मैदा बदामी होईपर्यंत परता, गॅस बंद करून दोन चमचे करी पावडर आणि थोडा गरम मसाला घाला. हा गोळा रश्श्यात थोडा थोडा विरघळवा. शेवटी अर्धं किसलेलं सफरचंद, चमचाभर सोया सॉस, थोडा मध, मीठ. दहा मिनिटं मंद उकळी.

भातासाठी बासमती नको. पुण्यात आहात तर मावळातला इंद्रायणी घ्या. तो मऊ आणि चिकट होतो, जपानी तांदळाच्या बराच जवळ जातो.

इंद्रायणीकाठ

आयडीच सार्थकी लागला! शनिवारी करते. दुसऱ्या दिवशीची करी जास्त चांगली लागते म्हणतात, तर शुक्रवारीच करून ठेवू का?

रानवाटा

चांगली लागते हे खरं, पण पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. अन्न तपासणीच्या क्षेत्रात काम करतो म्हणून मुद्दाम सांगतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीनेही मरत नाहीत. घट्ट रस्सा हळू निवतो, तळाशी हवा नसते, आणि कोमट असताना हे जिवाणू झपाट्याने वाढतात. जपानात याबद्दल दर उन्हाळ्यात सूचना देतात. करी झाली की उथळ भांड्यांत काढा, लवकर गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना ढवळत पूर्ण गरम करा. पुण्याच्या उकाड्यात तर हे पाळाच.

रानजाई

परत एक प्रश्न. सोबत वडील आहेत, वय ७४, गुडघे दुखतात. उंच स्टुलावर बसणं आणि रांगेत उभं राहणं दोन्ही जमणार नाही. बाबांना नाकामुरायाची गोष्ट वाचून दाखवली, तिथे जायचंच म्हणतात. शिवाय एखादं छोटं दुकानही दाखवायचंय.

निळी छत्री

रानजाई, बाबांना नाकामुराया नक्की दाखवा. ते शिंजुकु स्टेशनाच्या अगदी जवळ आहे, टेबल-खुर्च्या आहेत, लिफ्ट आहे. ती करी कोंबडीची आहे, तेव्हा शाकाहारी असाल तर तुमच्यासाठी दुसरं काय आहे ते आधी विचारून घ्या.

छोट्या दुकानासाठी वेळ सांभाळा. साडेअकरा ते दीड ऑफिसवाल्यांची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. दोननंतर जा, पण फार उशीरही नको. पातेलं संपलं की दारावरचा पडदा आत घेतात आणि त्या दिवसाचं दुकान बंद. काही जण दुपारी तीन ते पाच विश्रांती घेतात. जिम्बोचोत रविवारी बरीच दुकानं बंद असतात. बॉन्डी आणि क्योएइदो दोन्हीकडे जिने आहेत, बाबांना त्रास होईल. तळमजल्यावरची, टेबलं असलेली जुनी कॉफीची दुकानं बघा. त्यांच्याकडे कॉफीबरोबर करीही असते आणि बसायला मऊ खुर्च्या.

आणि जमलं तर याच खेपेला दाखवा. अशा दुकानांचे मालक आता सत्तरीच्या पुढचे आहेत आणि पुढे चालवायला कुणी नसतं. माझ्या गल्लीतल्या एका दुकानावर मार्चअखेर बंद होत असल्याचा कागद लागलाय. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पातेलं उचलवत नाही आता. तुम्ही एप्रिलच्या कुठल्या तारखांना आहात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तोपर्यंत तळमजल्यावरचं, सुरू असलेलं एक दुकान मी स्वतः जाऊन बघून ठेवते, रश्श्याचीही चौकशी करते.